ग्लायडरमधील दिशादर्शन साधने

ग्लायडरमधील दिशादर्शन साधने म्हणजे इंजिन नसलेल्या विमानातून लांब पल्ल्याचे उड्डाण करताना आपले स्थान, उंची, वाऱ्याचा वेग आणि पोहोचता येण्याजोगे अंतर कळावे म्हणून वैमानिक कॉकपिटमध्ये सोबत नेतो ती लहान, बहुधा हातात मावणारी उपकरणे आणि त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर. यांत स्मार्टफोन, टॅबलेट, ई-रीडर आणि केवळ ग्लायडिंगसाठी बनवलेली उपकरणे यांचा समावेश होतो. इंजिन असलेल्या विमानाच्या दिशादर्शकाकडून 'मी कोठे आहे आणि कोठे जायचे आहे' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर अपेक्षित असते. ग्लायडरच्या दिशादर्शकाला त्यापुढे 'या उंचीवरून तेथे पोहोचता येईल का' हेही सांगावे लागते, आणि त्याची खरी परीक्षा याच उत्तरात होते.

महाराष्ट्रात ग्लायडिंगचे प्रमुख ठिकाण पुण्याजवळील हडपसर ग्लायडिंग सेंटर हे आहे. बीड जिल्ह्यात ग्लायडिंग केंद्र नाही. मात्र हडपसरहून पूर्वेकडे गेल्यास सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर बीड शहर येते. उन्हाळ्यातील तापमान, बालाघाटचे पठार आणि गोदावरीचे खोरे यांमुळे उपकरणाच्या निवडीतील जवळजवळ सर्व प्रश्न या प्रदेशात एकत्र भेटतात. म्हणून पुढील विवेचनात तो उदाहरण म्हणून घेतला आहे.

पार्श्वभूमी

उपग्रहाधारित स्थाननिश्चिती येण्यापूर्वी ग्लायडरचा वैमानिक मांडीवर कागदी नकाशा ठेवून नद्या, रेल्वेमार्ग आणि तलाव यांच्या खुणांवरून मार्ग काढीत असे. वळणबिंदूवर पोहोचल्याचा पुरावा म्हणून कॉकपिटमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याने खालच्या भूभागाचे छायाचित्र घ्यावे लागे. उरलेल्या उंचीत किती अंतर कापता येईल याचा हिशेब प्लॅस्टिकच्या गोल चकतीवर केला जाई. किती वेगाने उडावे हे ठरवण्याची गणिती पद्धत अमेरिकन वैमानिक व अभियंता पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखली जाते. मॅक्रेडी १९५६ मध्ये ग्लायडिंगचे जागतिक विजेते ठरले आणि पुढे मानवी शक्तीवर उडणारी विमाने बनवून अधिक प्रसिद्ध झाले. आजच्या प्रत्येक ग्लायडिंग सॉफ्टवेअरच्या मुळाशी त्यांचेच गणित आहे. बदलले आहे ते ते गणित करण्याचे साधन.

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी अचूकतेतील घट थांबवली. त्याच सुमारास खिशात मावणारे पॉकेट पीसी बाजारात आले. कॉम्पॅक कंपनीचा आयपॅक आणि त्यावर चालणारे विनपायलट हे सॉफ्टवेअर ही जोडी त्या काळात अनेक देशांतील ग्लायडरांत दिसू लागली. एक्ससीसोअर हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले. त्याच्याच मुळावरून पुढे एलके८००० ही दुसरी शाखा निघाली. स्लोव्हेनियातील नॅव्हिटर कंपनीने सीयू हे सॉफ्टवेअर आणि ऊडी हे तयार उपकरण विकण्यास सुरुवात केली.

भारतात ग्लायडरांची रचना स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक विभागाच्या तांत्रिक केंद्रात झाली. अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर्ष, आर्द्रा अशी नक्षत्रांची नावे या ग्लायडरांना दिली गेली. शेजारी-शेजारी दोन आसने असलेल्या रोहिणीचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये, तर आर्द्राचे १९७९ मध्ये झाले. त्या पिढीच्या ग्लायडरांचे पॅनेल घड्याळासारख्या गोल उपकरणांसाठी आखलेले असते आणि त्यात पडद्याला जागा नसते. पॅनेलमध्ये कायमस्वरूपी काही बसवायचे झाल्यास मान्यतेची प्रक्रिया पार पाडावी लागते. त्यामुळे उड्डाणापुरते अडकवून नंतर काढून नेता येणारे उपकरण हाच अशा ग्लायडरसाठी सोयीचा मार्ग ठरतो.

पोहोचण्याचे गणित

ग्लायडर स्थिर हवेत एक मीटर उंची गमावून जितके मीटर पुढे जाते त्या प्रमाणास ग्लाइड गुणोत्तर म्हणतात. एल-२३ सुपर ब्लानिक या प्रशिक्षण ग्लायडरचे सर्वोत्तम गुणोत्तर २८ आहे. म्हणजे जमिनीपासून २,००० मीटर उंचीवरून ते कागदोपत्री ५६ किलोमीटर जाऊ शकते. आता समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा आहे आणि ग्लायडर ताशी ९० किलोमीटरने उडत आहे असे मानू. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ७० उरतो आणि तेच गुणोत्तर २२ च्या खाली येते. उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती फेरी मारण्यासाठी ३०० मीटर उंची राखून ठेवली, तर उरलेल्या १,७०० मीटरमध्ये सुमारे ३७ किलोमीटर अंतर कापता येते. वाटेत खाली जाणारी हवा लागली तर तेही हाती राहत नाही.

५६ आणि ३७ यांतील ही तफावत सतत मोजत राहणे हे ग्लायडिंग सॉफ्टवेअरचे मुख्य काम होय. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभात घिरट्या घालताना ग्लायडर वाऱ्याबरोबर किती सरकले यावरून सॉफ्टवेअर वाऱ्याची दिशा व वेग काढते. त्यात ग्लायडरचा वेग आणि खाली येण्याचा दर यांचा आलेख, ज्याला पोलर म्हणतात, मिसळून ते नकाशावर पोहोच दाखवते. एक्ससीसोअरमध्ये ही पोहोच उतरणीच्या ठिकाणांच्या रंगांतून आणि भूभागावर काढलेल्या सीमारेषेतून दिसते.

रस्त्यांसाठी बनवलेली नकाशा-ॲप येथे निरुपयोगी ठरतात, ती याच कारणाने. त्यांना उंचीचे गणित येत नाही, आणि इंटरनेट नसताना ती अर्धी रिकामी असतात. आकाशात मोबाइलचे जाळे कधी मिळते, कधी नाही. म्हणून नकाशा, भूउंची, हवाई क्षेत्रे आणि वळणबिंदू ही सर्व माहिती उड्डाणापूर्वीच उपकरणात उतरवून ठेवावी लागते.

पोलर चुकीचा निवडला तर बाकी सर्व अचूक असूनही उत्तर चुकते, आणि पडद्यावर चूक दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत परदेशी ग्लायडरांची नावे भरपूर असतात. जे ग्लायडर यादीत नाही त्यासाठी त्याच्या माहितीपुस्तिकेतून वेग आणि खाली येण्याचा दर यांच्या तीन जोड्या घेऊन वक्र स्वतः भरावा लागतो. 'जवळचे दुसरे ग्लायडर' निवडण्याची पळवाट टाळलेली बरी, कारण गुणोत्तरातील तीन-चार अंकांचा फरक ४० किलोमीटरच्या अंतिम टप्प्यात दोनशे मीटरहून अधिक उंचीचा होऊ शकतो.

उपकरणाची निवड

जाहिरातींत प्रोसेसर, उपग्रहप्रणालींची संख्या आणि पडद्याचे रंग यांवर भर असतो. ग्लायडरसाठी या बाबींना फारसे महत्त्व नाही. जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ किंवा भारताची नाविक यांपैकी एकाऐवजी चार प्रणालींचे संकेत मिळाल्याने स्थान दोन-तीन मीटरने सुधारते. सेकंदाला पंचवीस मीटर जाणाऱ्या ग्लायडरच्या दिशादर्शनात हा फरक जाणवतही नाही. निर्णायक ठरतात त्या ऊन, उष्णता आणि वीज या तीन बाबी.

ग्लायडरचे पारदर्शक छत चारही बाजूंनी उघडे असते आणि मोबाइलचा चकाकता पडदा त्यात पांढुरका पडतो. उजेड पूर्ण वाढवला तर पडदा दिसतो, पण उपकरण तापते. ध्रुवीकृत काचांचा गॉगल घातल्यास काही पडदे एका विशिष्ट कोनात चक्क काळे दिसतात. हे दुकानातच उपकरण आडवे-उभे धरून तपासता येते. ई-रीडरचा ई-इंक पडदा याच्या उलट वागतो. ऊन जितके प्रखर तितका तो स्पष्ट दिसतो आणि वीज अगदी कमी खातो. कोबो कंपनीच्या काही ई-रीडरवर एक्ससीसोअर चालते व त्यास बाहेरून जीपीएस जोडता येतो. रंग नसणे आणि चित्र सावकाश बदलणे या त्याच्या मर्यादा आहेत. थर्मलमध्ये वळताना पडदा मागे पडतो. सरळ उड्डाणात मात्र ही उणीव जाणवत नाही.

उष्णतेचा प्रश्न मराठवाड्याच्या संदर्भात अधिक गंभीर आहे. ॲपल कंपनी आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची तापमानमर्यादा सांगते. बीड परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जाणे नेहमीचेच आहे आणि बंद छताखाली तापमान त्याहूनही वाढते. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो आणि मग बंद पडतो. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कोरड्या उन्हाळी हवेत दर १०० मीटर उंचीला तापमान सुमारे एक अंशाने उतरते, त्यामुळे २,००० मीटरवर पोहोचलेल्या फोनला तसा त्रास नसतो. तो निकामी होतो तो जमिनीवर, विंचच्या रांगेत थांबलेल्या ग्लायडरमध्ये. छतावर पांढरे कापड टाकणे आणि उपकरण अगदी शेवटी, बसतेवेळी लावणे हे साधे उपाय महागड्या उपकरणापेक्षा अधिक उपयोगी पडतात. याच उन्हात काचेला चिकटवलेली रबरी पकड सुटते. ती उड्डाणदांड्याच्या वाटेत पडली तर प्रसंग धोक्याचा असतो. म्हणून पकडीला दोरीचा जादा आधार हवा. छत आपत्कालीन वेळी उघडण्याच्या खटक्याला उपकरणाचा वा तारेचा अडथळा होता कामा नये. चुंबकाची पकड चुंबकीय होकायंत्राला फसवते, म्हणून ती टाळतात.

विजेचा हिशेब कागदावर करता येतो. ग्लायडरमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते, म्हणजे सुमारे ८४ वॉट-अवर ऊर्जा. उजेड पूर्ण वाढवलेला टॅबलेट १० वॉट खात असेल आणि रेडिओ व इलेक्ट्रॉनिक व्हेरिओमीटर मिळून आणखी ५ वॉट, तर नवी बॅटरी साडेपाच तास पुरते. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे दिशादर्शकाला स्वतंत्र पॉवर बँक देणे आणि ग्लायडरची बॅटरी रेडिओसाठी राखणे हितावह असते. स्वस्त यूएसबी रूपांतरकामुळे रेडिओत खरखर येते हा सार्वत्रिक अनुभव आहे. रेडिओ चालू ठेवून जमिनीवरच त्याची चाचणी घ्यावी.

फोन आणि खास उपकरण यांतील निवड या कसोट्यांवर पाहिली असता चित्र असे दिसते: शिकाऊ वैमानिकाला जुना अँड्रॉइड फोन व मोफत एक्ससीसोअर पुरेसे असते, लांबची उड्डाणे नियमित करणाऱ्याला उन्हात दिसणाऱ्या पडद्याचे खास उपकरण किंवा ई-रीडर अधिक भरवशाचे. सीयू नॅव्हिगेटर हे सशुल्क ॲप मांडणीत सुबक आणि शिकण्यास सोपे आहे. एक्ससीसोअरमध्ये बदलता येण्याजोग्या बाबी इतक्या आहेत की नवशिका त्यांतच हरवतो. कामशेत परिसरात पॅराग्लायडिंग करणाऱ्यांसाठी एक्ससीट्रॅक हे वेगळे ॲप आहे. त्याची मांडणी मंद गतीच्या उड्डाणाला अनुरूप असल्याने ग्लायडरसाठी ते पहिली निवड ठरत नाही. कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी पडद्यावर चार-सहा आकड्यांपेक्षा अधिक ठेवू नयेत. वैमानिकाचे डोळे बाहेर असायला हवेत, कारण एकाच थर्मलमध्ये दुसरे ग्लायडर वा घारींचा थवाही असू शकतो.

दोन उंची

उपकरण दाखवते ती उपग्रहीय उंची आणि पॅनेलमधील उंचीमापक दाखवतो ती वायुदाबावरील उंची या सारख्या नसतात. उंचीमापक प्रमाणित तापमानाच्या वातावरणासाठी आखलेला असतो. हवा त्याहून १० अंशांनी उष्ण असल्यास तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे ४ टक्के कमी उंची दाखवतो. मे महिन्याच्या दुपारी जमिनीपासून २,००० मीटरवर हा फरक दीडशे ते दोनशे मीटर होऊ शकतो. जमिनीपर्यंत पोहोचण्याच्या गणितासाठी उपग्रहीय उंची खऱ्याच्या जवळ असते. हवाई क्षेत्रांच्या मर्यादा मात्र वायुदाबावरील उंचीतच पाळायच्या असतात. दोहोंत गल्लत करणारा वैमानिक एकतर क्षेत्रभंग करतो किंवा उगाच घाबरून लवकर उतरतो.

उपग्रहीय उंचीतही एक मेख आहे. उपग्रहप्रणाली पृथ्वीचा आकार गणिती लंबगोल मानते. सरासरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही आणि महाराष्ट्रात ती त्याच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. ही दुरुस्ती न करणारे ॲप तेवढी उंची कमी दाखवते. उड्डाणापूर्वी धावपट्टीची ज्ञात उंची आणि पडद्यावरील आकडा ताडून पाहिल्यास हा दोष लगेच उघड होतो.

बीड जिल्ह्याचा भूभाग

हडपसरहून आष्टीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. ही रेषा भीमा व घोड नद्या ओलांडून श्रीगोंद्याच्या किंचित उत्तरेने जाते. हे सर्व उड्डाण अर्थातच परवानगीच्या चौकटीतच शक्य आहे, कारण हडपसरला लागूनच हवाई दलाचे लोहगाव विमानतळ आहे. मार्ग उत्तरेकडे फार झुकल्यास अहिल्यानगरजवळचे के. के. रेंज हे लष्कराचे गोळीबार क्षेत्र आडवे येते. सॉफ्टवेअरमध्ये भरली जाणारी हवाई क्षेत्रांची माहिती पुष्कळदा स्वयंसेवकांनी संकलित केलेली असते. ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अधिकृत प्रकाशनाशी आणि त्या दिवसाच्या वैमानिक सूचनांशी ताडून घेतल्याशिवाय वापरणे योग्य नाही.

बीड जिल्ह्यातील लोक आपल्या भूभागाचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाई हा बालाघाटच्या पठाराचा भाग. गेवराई व माजलगाव हा गोदावरीकडे उतरणारा सखल भाग. ग्लायडरच्या वैमानिकाला हा भेद थेट भिडतो. उन्हाळ्यात पठारावरील मुरमाड, उघडी जमीन आणि नांगरून पडलेली काळी शेते लवकर तापतात व थर्मल देतात. कालव्याखालील उसाचा पट्टा मात्र थंड राहतो आणि त्यावर चढती हवा मिळण्याची शक्यता कमी असते. घाटाखालून दक्षिणेकडे परतताना समोरची जमीन चढत जाते. गेवराईच्या उंचीवरून मोजलेली शिल्लक उंची पाटोद्याच्या पठारावर तेवढी राहत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भूउंचीची फाइल असणे येथे आवश्यक आहे. ती बहुधा अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या रडार सर्वेक्षणावर आधारलेली असते आणि डोंगरांसाठी ती आजही चालते. डोंगरांवर नंतर उभे राहिलेले काही तिच्यात नाही: बालाघाटवरील पवनचक्क्या आणि उच्चदाब वीजवाहिन्या ही फाइल दाखवत नाही.

नकाशाही जुना होतो. अहिल्यानगर–आष्टी रेल्वेमार्ग २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत पोहोचली. त्याआधीच्या नकाशावर ही सर्वांत ठळक खूण नाही. जलाशयांच्या बाबतीत अडचण उलटी आहे. केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प नकाशावर कायम निळा दिसतो. २०१६ च्या दुष्काळात तो कोरडा पडला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात निळ्या आकृतीवरून खूण पटवू पाहणाऱ्याला खाली भेगाळलेली माती दिसली असती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या कागदी नकाशांवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावर आधारित असून ते जीपीएसच्या निर्देशांकांशी जुळत नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या मुक्त मालिकेतील नकाशांत हा प्रश्न राहिलेला नाही.

शेतात उतरणे

चढती हवा संपल्यास ग्लायडर शेतात उतरवावे लागते. तो अपघात नव्हे, तर लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा एक अपेक्षित शेवट आहे. सॉफ्टवेअर धावपट्ट्या दाखवते. शेताची निवड ते करू शकत नाही. उसाचे शेत वरून हिरव्या गालिच्यासारखे दिसते, पण डोक्याइतक्या उंच पिकात उतरणे धोकादायक असते. ज्वारी काढून झालेले, नांगर न लागलेले, वाऱ्याच्या दिशेत लांब पसरलेले रान उत्तम. बांध, विहीर आणि विजेच्या तारा फार खाली आल्यावरच दिसतात, म्हणून ३०० मीटरच्या आत पडद्याकडे पाहणे थांबवावे असे शिकवले जाते.

उतरल्यावर सहकाऱ्यांना ठिकाण कळवण्यासाठी फोनमध्ये बॅटरी उरलेली असली पाहिजे. दिवसभर दिशादर्शक म्हणून वापरलेला फोन नेमका याच वेळी मरतो. दुसरा साधा फोन बंद करून खिशात ठेवणे हा त्यावरचा उपाय. युरोप-अमेरिकेतील लेखांत या कामासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या लहान यंत्रांची शिफारस आढळते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया, इरिडियम यांसारखी उपग्रह संपर्क उपकरणे बाळगणे बेकायदेशीर आहे आणि असे यंत्र सोबत आणलेल्या परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या जीपीएसला हे बंधन लागू होत नाही.

उड्डाणाची नोंद

बहुतेक सॉफ्टवेअर उड्डाणाचा मार्ग आयजीसी या प्रमाण स्वरूपाच्या फाइलमध्ये नोंदवते. आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने ठरवलेल्या या साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक क्षणाची वेळ, अक्षांश, रेखांश आणि दोन्ही उंची असतात. रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर अंतर, १,००० मीटर उंचीवाढ आणि ५ तासांचे उड्डाण लागते. सुवर्ण बिल्ल्यासाठी ३०० किलोमीटर आणि ३,००० मीटर. हडपसर ते बीड हे अंतर या दोहोंच्या मधले आहे. अशा नोंदीसाठी साधा फोन चालेल की मान्यताप्राप्त नोंदयंत्रच लागेल हे बिल्ल्याच्या दर्जानुसार बदलते. फोनने नोंदवलेली फाइल अधिकृत पुरावा म्हणून मान्य झाली नाही, तरी शिकण्यासाठी ती मोलाची असते. कोणत्या थर्मलमध्ये किती वेळ गेला, कोठे वाट चुकली आणि अंतिम टप्पा किती उंची शिल्लक ठेवून सुरू झाला, हे घरी बसून सेकंदागणिक पाहता येते.